गुडघा वाकत नाही, त्याचे पैसे किती? गढी-माजलगाव रस्त्यावरच्या एका अपघात दाव्याचं पूर्ण प्रकरण

मी बीड जिल्ह्यात मोटार अपघाताचे दावे चालवते. जखमी माणसाच्या घरचे पहिल्यांदा येतात तेव्हा त्यांच्या हातात दवाखान्याच्या बिलांची कॅरीबॅग असते आणि प्रश्न ठरलेला असतो, वकीलताई, याचे किती भेटतील. बिलं लागतातच, पण खरी रक्कम दुसरीकडूनच येते, ती येते या माणसाचं कोणतं काम कायमचं बंद पडलं आणि ते आपण कागदावर कसं दाखवलं यातून. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण आपल्या भागातल्या दाव्यात ज्या अडचणी येतात त्या जवळपास सगळ्या या एकाच फायलीत आल्या. नाव-गाव देत नाही, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, आपणही मिस्त्रीच म्हणू.

मिस्त्री म्हणजे मोटार रिवायंडिंगवाले. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की आणून वाइंडिंग करायचं, बोअरवर तिपाई उभी करून चेनपुलीने सबमर्सिबल वर काढायची, विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह बघायचा. फेब्रुवारी २०२३, गव्हाला-उसाला पाण्याची घाई, कामाचा ऐन सीझन. संध्याकाळी गढीकडून माजलगावच्या दिशेने बाईकवर चालले होते, मागे दुरुस्त केलेली मोटार बांधलेली. समोरून उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि त्याला ओव्हरटेक करणारी कार सरळ यांच्या अंगावर आली. यांनी गाडी साईडपट्टीवर घेतली होती तरी उजव्या पायाला धडक बसलीच. गुडघ्याच्या सांध्यात आणि नळीच्या हाडात फ्रॅक्चर, प्लेट-स्क्रू टाकले, नंतर जखमेत इन्फेक्शन झालं म्हणून परत ऑपरेशन.

आता पहिला घोळ. १०८ ने आधी ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून रात्री शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात. तिथं सोबत होता तो पुतण्या, घाबरलेला, आणि त्याला कुणीतरी सांगितलं की पोलीस केस म्हणलं तर दाखल करून घ्यायला वेळ लावतील. मग तो बोलून गेला "गाडी स्लिप झाली", आणि केसपेपरवर हिस्ट्रीच्या रकान्यात तेच उतरलं. पैसे देणारी असते धडक देणाऱ्या गाडीची विमा कंपनी, आणि तिचा वकील असला कागद सगळ्यात आधी शोधतो. गाडी स्वतःच घसरली असेल तर कारचा संबंधच येत नाही, मग दावा कसला. असे दावे शून्यावर गेलेले मी बघितलेत आणि त्यातले काही शंभर टक्के खरे होते याचं मला आजही वाईट वाटतं.

इथं वाचवलं ते आधीच्या दोन कागदांनी. १०८ च्या रुग्णवाहिकेत पेशंट घेताना जी नोंद होते तिच्यात "चारचाकीची धडक" होतं, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या एमएलसी रजिस्टरलाही, म्हणजे पोलीस केसच्या जखमींची नोंद करतात त्या वहीलाही, तेच होतं, वेळेसकट. दोन्ही नोंदी खाजगी दवाखान्याच्या आधीच्या आणि सरकारी. त्या आम्ही माहिती अधिकारात आणि नंतर कोर्टातून समन्स काढून मागवल्या आणि पुतण्याला साक्षीला उभं करून तो का तसं बोलला ते जसंच्या तसं सांगायला लावलं. न्यायाधिकरणाने, म्हणजे हे दावे चालवणाऱ्या कोर्टाने, पहिल्या नोंदीला महत्त्व दिलं. पण हा सगळा खटाटोप एका वाक्यामुळं करावा लागला, म्हणून दवाखान्यात सोबत जो असेल त्याने अपघात कसा झाला ते खरं आणि पूर्ण सांगायचं, आणि केसपेपरवर काय लिहिलं ते त्याच दिवशी वाचून घ्यायचं. चुकलं असेल तर तिथल्या तिथं लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागायची, डिस्चार्जच्या दिवशी मागितली तर ती नंतर सुचलेली वाटते.

एफआयआर चौथ्या दिवशी झाला. घरचे सगळे दवाखान्यात, फिर्याद द्यायला जाणार कोण? कंपनीने यावरही बोट ठेवलं. पण उशिराने फिर्याद दिली एवढ्याच कारणावर दावा फेटाळता येत नाही, माणूस आधी जीव वाचवायला पळतो हे सुप्रीम कोर्टाने २०११ च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात मानलेलं आहे. आम्ही दवाखान्याचे दाखल झाल्याचे कागद लावून त्या दिवसांचा हिशोब दिला, विषय संपला. तेव्हा भादंवि होती, पोलिसांनी आधी फक्त २७९ आणि ३३७ लावलं होतं म्हणजे साधी दुखापत, मेडिकल सर्टिफिकेट दिल्यावर ३३८ वाढलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत पण साधी आणि गंभीर दुखापत हा फरक तसाच आहे, आणि हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. चार्जशीट कोर्टात जायच्या आधी हे बघून घ्यायचं.

घटनास्थळाचा पंचनामा झाला तोपर्यंत गाड्या हलवलेल्या होत्या. तरी कारच्या हेडलाईटच्या काचा साईडपट्टीवर, म्हणजे मिस्त्रींच्या डाव्या बाजूला पडलेल्या होत्या आणि नकाशात तसं आलं. त्याहून कामाला आले ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाईलमधले फोटो, त्यात बाईक पूर्ण रस्त्याच्या खाली दिसते. फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आपल्यापर्यंत आलेले चालत नाहीत, ज्याच्या फोनवर काढले त्याचं सर्टिफिकेट लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३. ट्रॅक्टरवाला भला माणूस, सर्टिफिकेटवर सही दिली आणि साक्षीलाही आला.

मुदतीचं तर बजावून सांगते. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १६६(३) परत आलंय, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्याच्या भरवशावर बसू नका. पाय बरा होईपर्यंत थांबू, अपंगत्वाचं सर्टिफिकेट आलं की टाकू, असं लोक म्हणतात आणि मुदत निघून जाते. आम्ही जुलै २०२३ ला दावा टाकला तेव्हा मिस्त्री कुबड्यांवर होते, सर्टिफिकेट पुढच्या वर्षी आलं आणि आम्ही ते रेकॉर्डवर घेतलं. कार पुण्याची होती, म्हणून कुणीतरी त्यांना पुण्याला दावा टाकावा लागतो असं सांगितलेलं. तसं काही नाही, अपघात जिथं झाला, जखमी माणूस जिथं राहतो किंवा धंदा करतो, किंवा समोरचा जिथं राहतो, यातलं कुठलंही ठिकाण चालतं.

मधल्या काळात एक एजंट घरी येऊन गेला. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेत, चूक कुणाची ते सिद्ध करायची गरज नाही, लगेच मोकळे व्हा म्हणाला. तरतूद खरी आहे आणि ज्याच्याकडं पुरावाच नाही त्याला तिचा आधारही आहे, पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा तिथंच मिटतो. मिस्त्रींच्या बायकोने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "दोन ऑपरेशनं झाली भाऊ, अडीच लाख तर त्यातच गेले, पुढं काय खायचं?" वहिनींच्या या एका प्रश्नात सगळा दावा आलेला होता.

आता किंमत कशी काढली ते बघू. सूत्र असं, वर्षाची कमाई, त्यात भविष्यातली वाढ, त्याला वयाप्रमाणे गुणक, म्हणजे किती वर्षांनी गुणायचं तो ठरलेला आकडा, आणि त्यातली जितकी टक्के कमाईची ताकद गेली तितका हिस्सा. गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातला, भविष्यातली वाढ २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली, आणि ही वाढ मृत्यूच्याच दाव्यात नाही तर कायमच्या अपंगत्वातही मिळते हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट झालं. जखमी माणूस जिवंत आहे म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही, हे पण लक्षात असू द्या.

वय. आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९८२, म्हणजे अपघाताच्या दिवशी ४१ पूर्ण. शाळेच्या टीसीवर ०१/०६/१९८५, म्हणजे ३७. आपल्याकडं हे घरोघरी आहे, गुरुजींनी एक जून टाकायचा आणि आधारवाल्याने एक जानेवारी. पण दाव्यात काय फरक पडतो बघा. ३७ ला गुणक १५ आणि स्वतःचा धंदा असणाऱ्याला वाढ ४० टक्के, ४१ ला गुणक १४ आणि वाढ २५ टक्के. या एका तारखेने शेवटच्या आकड्यात २,३५,२०० रुपयांचा फरक पडत होता. कंपनीने अर्थातच आधार धरलं. सुदैवाने आमचं प्रकरण चालू असतानाच ऑक्टोबर २०२४ मध्ये सरोज विरुद्ध इफ्को टोकियो या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर घेऊन बोलावलं, त्यातली नोंद दाखवली.

कमाई. मिस्त्री म्हणायचे महिन्याला तीस हजार सुटतात, सीझनला जास्तच. रिटर्न भरलेलं नाही, पगारपत्रक असण्याचा प्रश्नच नाही. अशा माणसाची कमाई कंपनी किमान वेतनावर आणून ठेवते. त्यांच्याकडं होत्या लांबट वह्या, वार्निशच्या बोटांचे ठसे उमटलेल्या, पानं एकमेकाला चिकटलेली. एका पानावर असं होतं, "साडेसातची मोटार, वाइंडिंग, बुश, ४२०० पैकी २००० जमा, बाकी ऊस गेल्यावर". मला ते पान फार मोलाचं वाटलं, कारण खोटी वही करणारा माणूस बाकी ठेवत नाही, सगळे पैसे जमा दाखवतो. तरी नुसत्या वह्या पुरत नाहीत. आम्ही तीन वर्षांची तांब्याच्या तारेची आणि वार्निशची पक्की बिलं होलसेल दुकानदाराकडून काढली, दुकानाचं व्यापारी वीज मीटर, उद्यम नोंदणी, बँकेच्या सहीशिक्क्याचा खातेउतारा, त्यात फोनपेवर आलेल्या छोट्या-मोठ्या रकमा, आणि वहीतल्या दोन शेतकऱ्यांच्या साक्षी. तारेच्या किलोवरून किती मोटारी भरल्या याचा अंदाज निघतो, तो तक्ता करून दिला. कोर्टाने माल, दुकानभाडं वगैरे वजा जाता महिना १६,००० धरले. तीस नाही मिळाले, पण कंपनी ९,००० म्हणत होती.

आता अपंगत्व, इथंच लोक सगळ्यात जास्त फसतात. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाने ३६ टक्के दिलं. ते ३६ टक्के उजव्या पायाचं, पूर्ण शरीराचं नाही, पूर्ण शरीराला ते डॉक्टरांच्या हिशोबाने १८ च्या आसपास येत होतं. कंपनी म्हणाली १८ धरा. मिस्त्रींना वाटायचं ३६ चे पैसे मिळणार. दोन्ही बरोबर नव्हतं. ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने पायऱ्या घालून दिल्यात, आधी तो माणूस अपघातापूर्वी काय काम करायचा, आता काय करू शकतो आणि काय नाही, आणि त्याने त्याच्या कमाईवर किती परिणाम झाला. त्यातलंच उदाहरण आहे, हात गेलेल्या ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास सगळीच जाऊ शकते, आणि तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीवर राहू शकतो. सर्टिफिकेटवरची टक्केवारी ही सुरुवात आहे.

म्हणून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आम्ही नुसतं बरं वाटतं का, दुखतं का असं लिहून मागितलं नाही. गुडघा किती अंशात वाकतो, उकिडवं बसता येतं का, शिडी चढता येते का, किती वजन उचलून चालता येईल, असं कामाच्या भाषेत विचारलं. उत्तर आलं, गुडघा ७० अंशाच्या पुढं वाकत नाही, उकिडवं आणि मांडी घालून बसणं कायमचं बंद, शिडीवर उभं राहून काम करणं धोक्याचं. डॉक्टर साक्षीला आले. डॉक्टर आले नाहीत तर सर्टिफिकेट नुसता कागद राहतो, उलटतपास न झालेला, आणि कोर्ट त्याला हात आखडता घेऊनच वजन देतं. मग दुकानाचे फोटो लावले, मोटार जमिनीवर ठेवून स्टेटरमध्ये कॉइल बसवायला उकिडवंच बसावं लागतं ते दिसत होतं, आणि बोअरवरची तिपाई.

उलटतपासाच्या आधी मिस्त्री मला म्हणाले, "ताई, शेजारी म्हणायलेत दुकान बंदच आहे म्हणून सांग, जास्त भेटतात." मी नाही म्हणलं. एक तर ते खोटं होतं, आणि कंपनीचा तपासनीस दुकानासमोर फोटो काढून गेल्याचं पुतण्याने बघितलं होतं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही दुकान उघडता ना?

"उघडतो साहेब. टेबलावर मिक्सरचं, फॅनचं करतो. पाण्याची मोटार आली तर पुतण्याला खाली बसवतो, मी स्टुलावरून सांगतो. बोअरवर मी आता जात नाही, माणूस लावावा लागतो, त्याला पैसे द्यावे लागतात."

या उत्तरानंतर साहेबांनी तो फोटो काढलाच नाही. कोर्टाने निकालात हे उत्तर शब्दशः घेतलंय आणि त्यावरून कमाईची ताकद ३५ टक्के गेली असं धरलं. माझ्या मते ४५ पर्यंत जायला जागा होती, कारण मोठ्या मोटारी आणि बोअरचं काम हाच त्यांचा मुख्य धंदा होता, पण ३५ अन्यायाचं आहे असंही मी म्हणणार नाही.

हेल्मेटचा मुद्दाही कंपनीने काढला, मिस्त्रींनी हेल्मेट घातलं नव्हतं हे खरं होतं. हेल्मेट घालायलाच पाहिजे, पण मोडला गुडघा, डोक्याला खरचटलंही नव्हतं, मग त्याचा या दुखापतीशी संबंध काय. निष्काळजीपणाची वजावट झाली नाही.

लोकअदालतीत कंपनीचा हिशोब असा होता, ९,००० महिना म्हणजे वर्षाला १,०८,०००, भविष्यातली वाढ नाही, गुणक १४, टक्केवारी १८, झाले २,७२,१६०, वर बिलातले दोनेक लाख, असे पावणेपाच लाख. घरात सगळ्यांना मोह झाला होता, मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती, आणि मी कुणाला दोष देत नाही, पावणेपाच लाख रोख समोर दिसतात तेव्हा नाही म्हणायला हिंमत लागते. मी फक्त दोन्ही हिशोब एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दिले, किती वेळ लागेल आणि काय धोका आहे तेही सांगितलं, आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. वहिनी म्हणाल्या थांबू.

कोर्टाचा हिशोब: १६,००० महिना, वर्षाला १,९२,०००, त्यात ४० टक्के वाढ म्हणजे २,६८,८००, गुणक १५ ने ४०,३२,०००, त्याचे ३५ टक्के १४,११,२००. उपचाराच्या आठ महिन्यांची बुडालेली कमाई १,२८,०००. दवाखान्याची बिलं २,६१,४००. प्लेट काढायच्या पुढच्या ऑपरेशनला ४०,०००, याचं डॉक्टरांच्या लेटरहेडवर अंदाजपत्रक होतं. वेदनेपोटी ७५,००० आणि आयुष्यातलं सुख गेलं त्यापोटी ७५,०००. जाणं-येणं, सकस आहार आणि शुश्रूषा मिळून ६०,०००. एकूण २०,५०,६००, त्यावर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज, फक्त पुढच्या ऑपरेशनचे ४०,००० सोडून.

बिलांबद्दल थोडं. मेडिकलची बिलं थर्मल कागदावर असतात, बॅगेत राहून उन्हाळ्यात कोरी होतात, आली की लगेच झेरॉक्स आणि फोटो काढून ठेवा. बिलाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी जुळली पाहिजे. आमची २३,००० च्या आसपासची बिलं याच कारणाने गेली, चिठ्ठीच नव्हती. शुश्रूषेचं सांगायचं तर पाच महिने वहिनींनी शेतातली मजुरी सोडून त्यांचं सगळं केलं, अंघोळीपासून. पैसे देऊन बाई ठेवली नाही म्हणून शुश्रूषेचे काही नाही असा कंपनीचा युक्तिवाद होता, तो टिकला नाही, घरच्या माणसाच्या सेवेलाही मोल असतं हे न्यायालयं मानतात. पण ६०,००० मध्ये जाणं-येणं, आहार आणि शुश्रूषा तिन्ही कोंबलं हे मला पटलेलं नाही, वहिनींची बुडालेली मजुरीच त्यात बसत नाही. त्यांची वेगळी साक्ष घेतली होती, रोजगार हमीच्या जॉबकार्डाची नोंदही दिली होती, तरी.

निकाल २०२५ च्या शेवटी लागला. कंपनीला कलम १७३ खाली नव्वद दिवसांत औरंगाबाद खंडपीठात अपील करता येतं, तिने तसं न करता रक्कम जमा केली. थोडे पैसे हातात, बाकी कोर्टाने फिक्स डिपॉझिटमध्ये ठेवायला सांगितले. शुश्रूषेच्या रकमेवर आणि ३५ टक्क्यांवर आपण अपील करायचं का यावर मिस्त्री, वहिनी आणि मी बसून बोललो. पुतण्याचं म्हणणं करा, मिस्त्रींचं म्हणणं नको, आणि वहिनींनी प्लेट काढायचं ऑपरेशन होऊ द्या, डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणतात ते ऐकू आणि नव्वद दिवसांच्या आत ठरवू असं सांगितलंय. ऑपरेशनची तारीख मिळालेली आहे.